माळ्यावर माणूस

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी विषय दिला, ‘घरातली रिकामी जागा’. मुंबई-पुण्यातल्या घरांवर या विषयात लिहिण्यासारखं फारसं काही नाही. तिथे रिकामी जागा उरलेलीच नाही. रत्नागिरीत मात्र ती प्रत्येक जुन्या घरात डोक्यावर असते. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं आणि मधे माळा. घराएवढाच लांबरुंद, आणि वर्षातून एकदा, गणपतीचं मखर उतरवायला चढण्यापुरताच वापरातला.

आता या माळ्यांच्या खोल्या होऊ लागल्या आहेत. गणपती आणि शिमग्याला सगळे भाऊ बायकामुलांसकट एकदम उतरतात आणि खाली गाद्या घालायला जागा पुरत नाही. करोनाच्या काळात गावी आलेल्या मुलांना लॅपटॉप घेऊन बसायला दार लागणारी खोली हवी झाली. काहींचं तसं काम अजून चालू आहे. गणपतीपुळे, गुहागर, दापोली या पट्ट्यात घरगुती पर्यटन वाढलं, एमटीडीसीची ‘निवास व न्याहारी’ योजना आली, आणि शहरातल्या पाहुण्याला तर कौलांखालीच झोपायचं असतं. शिवाय कोकणातलं नेहमीचं कारण आहेच. खालच्या खोल्यांचे हिस्से कधीच ठरलेत. ज्याला काही करायचं, त्याला वरच करावं लागतं.

म्हणून रत्नागिरीतली टिळक आळी, झाडगाव, मग पावस, नेवरे, मालगुंड असा माळे बघत हिंडलो. काही झालेल्या खोल्या पाहिल्या, काही होत असलेल्या, काही करून पस्तावलेल्या. सुतारांशी बोललो, गवंड्यांशी बोललो आणि ज्या घरांत मे महिन्यातही माळ्यावर झोपतात, त्या घरच्या बायकांशी तर जास्तच बोललो. हिंडता हिंडता एक गोष्ट पटत गेली. माळा रिकामा कधी नव्हताच. तो घराची तीन-चार कामं मुकाट्यानं करत होता. ती कामं आता कोण करणार, हे ज्यांनी आधी विचारलं, त्यांची खोली राहण्याजोगी झाली. ज्यांनी नाही विचारलं, त्यांच्याकडे दोन पावसाळ्यांत ती पुन्हा अडगळ झाली.

धुराचा पहारा

पन्नास वर्षांपूर्वीच्या माळ्यावर पाय ठेवायला जागा नसे. भाताची पोती, कणग्या, असोले नारळ, सुपारी, वाशाला टांगलेले कांदे, पुढच्या वर्षाचं बियाणं आणि वैशाखात पेंढ्यावर घातलेली आंब्याची अढी. घरातलं कोणी ना कोणी रोज वर जाई, भात काढायला किंवा पिकलेले आंबे निवडायला. खाली चूल पेटलेली असे. तिचा धूर माळ्यातून फिरून कौलांच्या फटींतून बाहेर पडे. जाता जाता तो भात कोरडं ठेवी, किडा-मुंगी हाकी आणि वासे काळे करी.

झाडगावातल्या एका घरात सुतारमामांनी हा फरक हातानं दाखवला. सत्तरीचे गृहस्थ, वर चढल्यावर त्यांनी आधी टॉर्च मागितला, मग पटाशी काढली. स्वयंपाकघरावरच्या वाशावर तिच्या मुठीनं ठोकलं. टणक, कोरडा आवाज. मग चार पावलं पलीकडे, बाळंतिणीच्या खोलीवरच्या वाशावर ठोकलं. आवाज बसका आला. वासा वरून गुळगुळीत, रंग धड. त्यांनी पटाशीचं टोक भिंतीत शिरणाऱ्या टोकाला लावलं आणि अंगठ्यानं दाबलं. दीड-दोन इंच पातं आत गेलं, विरोध म्हणून नाही. बाहेर काढल्यावर पात्याला ओलसर भुसा.

“चुलीवरचा वासा मरत नाही,” ते म्हणाले. “गॅस आला, बाईमाणसाचे डोळे वाचले, पण लाकडाला कोणी वाली राहिला नाही. आणि बघायचं ते मधे नाही बघायचं. भिंतीत शिरतो तिथे बघायचं. चिरा पावसात पाणी पितो, ते सगळं टोकाला देतो.”

माळ्याची खोली करायची तर काम इथून सुरू होतं. रंगाच्या शेडकार्डावरून नाही. प्रत्येक वाशाचं आणि तुळईचं भिंतीतलं टोक तपासायचं. कुजलेलं असेल तिथे लाकूड बदलायचं किंवा बाजूनं जोड-वासा देऊन बोल्टनं आवळायचं. जुनी माणसं लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावत; होड्यांनाही तेच. ते आजही मिळतं, काळं, चिकट आणि कातडी भाजणारं. राहत्या खोलीत त्याचा वास नको असेल, तर ते भिंतीत जाणाऱ्या टोकांपुरतं ठेवून उघड्या लाकडाला वाळवीचं औषध आणि वर पॉलिश, असा मधला मार्ग बहुतेक सुतार काढतात.

मुंबईतला पोटमाळा, गावातला माळा

इथे एक विसंगती नोंदवायला हवी. गिरण्यांच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईला गेलेली माणसं लालबाग-परळच्या चाळींत एका खोलीत दहा-पंधरा जण राहत. कित्येक गावांच्या मंडळांनी घेतलेल्या गावकीच्या खोल्या तर पाळीपाळीनं झोपण्यासाठीच होत्या. त्या खोल्यांत फळ्या मारून पोटमाळा काढायचा आणि संसार थोडा वर सरकवायचा, ही कला कोकणी माणसानं तिथे आत्मसात केली. त्याच माणसाच्या गावच्या घरात तेव्हा अख्खा माळा भात आणि नारळ सांभाळत होता. वर राहण्याची अक्कल मुंबईत आली, वरची जागा गावात होती. आता निवृत्त होऊन परतलेले लोक ती अक्कल गावी आणतात. पण चाळीचा पोटमाळा सपाट छताखाली होता, हा मात्र कौलांखाली आहे. सगळा घोटाळा या फरकात होतो.

डोकं कुठे लागतं

पहिला हिशोब उंचीचा, आणि तो चौरस फुटांच्या भाषेत करणारा हमखास फसतो. घराची रुंदी २० फूट धरू. माळ्याच्या जमिनीपासून भिंत तीन फूट वर नेलेली आहे आणि छपराचा उतार साधारण ३० अंशांचा आहे. आढं जमिनीपासून पावणेनऊ फुटांवर येतं. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण सहा फुटी माणूस ताठ उभा राहायचा तर त्याला दोन्ही भिंतींपासून पाच-सव्वापाच फूट आत यावं लागतं. म्हणजे २० फुटांच्या माळ्यात उभं राहण्याजोगा पट्टा साडेनऊ फुटांचा. उरलेली निम्मी जागा वाकण्याची, बसण्याची आणि आडवं होण्याची.

ज्यांनी हे मानलं, त्यांच्या खोल्या सुखाच्या आहेत. नेवऱ्यातल्या एका घरात मधल्या पट्ट्यात फक्त ये-जा ठेवली आहे. गाद्या उताराखाली, डोकं भिंतीकडे नाही तर मधल्या बाजूला. रात्री उठताना कपाळ वाशावर आदळत नाही. अगदी कडेच्या दोन-अडीच फुटांत बुटकी कपाटं आहेत, आणि त्यांना पाठ नाही. पाठ का नाही, असं विचारल्यावर घरच्या वहिनी म्हणाल्या, “पाऊस कुठून येतो ते दिसायला नको? पाठ मारलीत की भिंत ओली झालेली कळते ती थेट दिवाळीत.”

उजेडाचं गणित छपराच्या आकारावर ठरतं. दुपाखी घराला दोन टोकांना तिकोनी भिंत मिळते. तिथे समोरासमोर खिडक्या काढल्या की उजेड आणि वारा दोन्ही येतात. चौपाखी घराला अशी भिंतच नसते, चारही बाजूंनी छप्पर उतरतं. तिथे काचेच्या कौलांशिवाय इलाज नाही. काचेचं कौल उत्तरेच्या पाखीवर बसवावं. दक्षिणेला किंवा पश्चिमेला बसवलं, तर दुपारी उन्हाचा चौकोन अंथरुणावर फिरत राहतो.

आडवं लाकूड

माळ्यावर चालताना मांडीशी किंवा छातीशी एक आडवं लाकूड येतं. कैचीचं किंवा दोन समोरासमोरच्या वाशांना जोडणारं. खोली करणाऱ्या प्रत्येकाला पहिली इच्छा होते ती हे कापण्याची.

ते कापू नये. कौलारू छप्पर हलकं नसतं. मंगलोरी कौल, रिपा धरून चौरस मीटरला पासष्ट किलोच्या आसपास भरतं, आणि पावसात कौल पाणी पिऊन आणखी जड होतं. हे वजन उतरत्या वाशांवरून खाली येताना भिंतींना बाहेर ढकलतं. आडवं लाकूड दोन्ही बाजूंना एकमेकींकडे ओढून धरतं. जुनी चिऱ्याची भिंत बहुधा मातीत चिणलेली असते. वरून सरळ खाली येणारं बेताचं वजन ती पेलते. पण आडव्या रेट्यापुढे ती हरते. एका घरात हे लाकूड कापून आठ-दहा वर्षं झाली होती. काही पडलं नव्हतं. फक्त पडवीकडची भिंत वरच्या अंगाला तीन बोटं बाहेर गेली होती आणि कोपऱ्यात हात जाईल एवढी चीर पडली होती. गवंडी ती दरवर्षी सिमेंटनं भरत होता.

उपाय आहेत. आडवं लाकूड वर सरकवता येतं, पण मग वासे मजबूत हवेत आणि जोड बोल्टचे हवेत. लाकडाच्या जागी लोखंडी सळईचा ताण देता येतो. डोळ्यांना ती सुसह्य असते, मात्र समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत तिला जस्ताचा मुलामा लागतो. किंवा सर्वांत स्वस्त उपाय: लाकूड तिथेच ठेवून त्याच्या दोन बाजूंना दोन खोल्या मानायच्या. पावसमधल्या एका घरात त्याच लाकडावर फळी टाकून मुलांनी अभ्यासाचं टेबल केलं आहे.

भाताचं ओझं, माणसाचं ओझं

“आमच्या माळ्यावर पन्नास पोती भात असायचं, चार माणसं काय जड आहेत?” हा युक्तिवाद मला जवळपास प्रत्येक घरात ऐकायला मिळाला. तो अर्धा खरा आहे. भारतीय मानकाप्रमाणे राहत्या खोलीच्या जमिनीनं चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार पेलावा, असं धरतात. क्विंटलची दोन पोती एका चौरस मीटरवर उभी केली की तेवढंच होतं. तेव्हा ज्या भागावर खरोखर भात होतं, तो भाग परीक्षा देऊन बसलेला आहे. पण जुनी माणसं पोती भिंतीकडेला, तुळईच्या डोक्यावर लावत. मधे नारळ आणि टोपल्या असत. खोलीत माणसं मात्र मधेच चालतात. शिवाय पोतं नाचत नाही, मुलं नाचतात. फळी मोडणार नाही; पण खाली देवघरात समई हलेल, माती गळेल.

त्यावर तोडगा म्हणजे जुन्या सरांच्या, म्हणजे फळ्यांखालच्या आडव्या लाकडांच्या, मधे नवे सर घालणं. पूर्वी दोन-अडीच फुटांवर एक असेल, तर तो सव्वा फुटावर एक करायचा. वर एक इंची फळी. सागाची अशी फळी चौरस मीटरला सोळा-सतरा किलो भरते. याच्या उलट हौस म्हणजे लाकूड काढून स्लॅब टाकण्याची. पाच इंची स्लॅबचं स्वतःचं वजनच चौरस मीटरला तीनशे किलोंच्या वर जातं. त्यावर अजून माणूस चढलेलाही नसतो. मातीत चिणलेल्या भिंतींवर हे लादलं की घर जुनं राहत नाही आणि नवंही होत नाही. मधल्या भिंतीचंही तसंच. चार इंची विटेची आठ फुटी भिंत मीटरभर लांबीला साडेचारशे किलोंच्या घरात जाते. फळ्यांचा किंवा प्लायचा आडोसा त्याच्या दहाव्या हिश्श्यात होतो.

लाकूड कुठून आणायचं, हाही प्रश्न आहे. स्वतःच्या परड्यातला साग किंवा किंजळसुद्धा मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. १९६४ च्या कायद्याप्रमाणे अशा झाडांना परवानगी लागते. म्हणून पाडलेल्या घरांच्या जुन्या लाकडाला मागणी आहे. एका घराचा वासा दुसऱ्या घराचा सर होतो.

कौलाखालचा मे महिना

थंडीत केलेली खोली सगळ्यांना आवडते. खरा निकाल लागतो तो मे महिन्यात दुपारी दोनला.

कौलारू छप्पर हवेसाठी बंद नसतं. हजारो फटींतून गरम हवा वर निघून जाते, म्हणून खाली माजघर गार राहतं. उन्हाचा मारा माळा अंगावर घेई आणि घराला वाचवी. तिथे माणूस झोपवायचा तर कौलं आणि माणूस यांच्या मधे काहीतरी हवं. सगळे करतात ते वाशांना चिकटून पीओपीचं नाहीतर पीव्हीसीचं छत. पहिल्या वर्षी ते सुरेख दिसतं. मग कौलाखाली कोंडलेली हवा तापते, पावसाळ्यात तीच दमट होते, छतावर पिवळे नकाशे उमटतात, आणि एखादं कौल सरकलं तर ते कोणतं, हे शोधायला आख्खं छत उतरवावं लागतं.

चालणारी रीत वेगळी आहे. वाशांच्या खाली चार-सहा इंच जागा सोडून फळ्यांची किंवा बांबूच्या तट्ट्यांची तक्तपोशी. ती आढ्यापर्यंत न नेता वर फूट-दीड फूट मोकळं सोडायचं, आणि दोन्ही टोकांना जाळीचे झरोके. गरम हवा खालून वर सरकते आणि आढ्याखालून निघून जाते. जाळी बारीक हवी, नाहीतर वटवाघळं आणि उदमांजर जुना हक्क सांगत परत येतात. तक्तपोशीच्या फळ्या खिळ्यांनी नाही तर स्क्रूनी, म्हणजे एकेक काढता येतात. पाऊस उघडला की वर हात घालून कौल सरळ करता येतं.

पत्र्याची गोष्ट टाळून चालणार नाही. माकडं कौलं फोडतात, कौलं परतणारी माणसं मिळत नाहीत, आणि रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यामुळे लोकांनी कौलं उतरवून पत्रे घातले, त्यांना हसण्याचं कारण नाही. पण पत्र्याखाली माळ्याची खोली म्हणजे दिवसा भट्टी, आणि पहाटे आतून ठिबकणारा घाम. ज्यांना परवडतं ते खाली पत्रा आणि त्यावर रिपा मारून कौलं चढवतात. गळती थांबते, ऊन कौल खातं, आणि माकडानं कौल फोडलं तरी अंथरूण कोरडं राहतं. वजन मात्र वाढतं. वासे त्याला तयार आहेत का, हे पुन्हा पटाशीलाच विचारायचं.

कागदावरचा माळा

सरकारी कागदाच्या दृष्टीनं माळा म्हणजे साठवणीची जागा, उंचीला दीड मीटरपर्यंत. राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहत्या खोलीची उंची २.७५ मीटर आहे. उतरत्या छपराखाली ती सरासरीनं धरतात. वरच्या २० फुटी घराची सरासरी काढा: पावणेदोन-एक मीटर. म्हणजे बहुतेक जुने माळे कागदावर खोली होऊच शकत नाहीत. ज्यांना ती करायचीच असते ते चिऱ्याचे थर चढवून छप्पर उचलतात. ते नवं बांधकाम झालं. त्याला रीतसर परवानगी आणि इंजिनिअरची सही लागते.

गावात याहून मोठी अडचण दुसरीच असते. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घर आजोबांच्या नावावर, खाली पंधरा-वीस सहहिस्सेदार. माळा कोणाच्या वाट्याला, हे कुठेच लिहिलेलं नाही. एकानं खर्च करून खोली काढली की इतरांना आपापला माळा आठवतो. शहाणी घरं आधी बसून ठरवतात: खोली सगळ्यांची, खर्च करणाऱ्याला वर्षातले अमुक महिने, गणपतीत ज्याची पाळी त्याची. हे साध्या कागदावर का होईना, लिहून ठेवतात.

पाण्याच्या वर, वाऱ्याच्या खाली

राजापूरच्या बाजारपेठेत माळा हा शोभेचा विषय नाही. अर्जुना-कोदवलीचं पाणी जवाहर चौकात शिरायला लागलं की दुकानातला माल वर चढतो. चिपळूणनं २६ जुलै २००५ ला आणि पुन्हा २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घराघरांत पाहिलं. तेव्हा वरचा मजला किंवा धड माळा असलेल्यांना निदान पाय टेकायला जागा होती. अशा गावांत माळ्याची खोली करताना एक गोष्ट न विसरता करावी: वरून बाहेर पडायला वाट. आतला एकच जिना पाण्याखाली गेला, तर वरची खोली पिंजरा होते. तिकोनी भिंतीतली खिडकी माणूस निघेल एवढी मोठी ठेवावी.

पण खिडकी मोठी झाली की वाऱ्याचं बघावं लागतं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडची छपरं उघडी पडली. वारा आत शिरून छपराला खालून उचलतो. म्हणून पागोळीकडच्या, आढ्याच्या आणि कडेच्या ओळींतली कौलं तारेनं रिपांना बांधायची, आणि खिडकीला आतून भक्कम अडसर.

छपराखाली कोणीतरी

हिंडताना बंद घरंही पुष्कळ दिसली. कोकणातलं घर भूकंपानं किंवा वादळानं क्वचित पडतं. ते एका सरकलेल्या कौलानं पडतं. पाणी वाशावर येतं, वाशातून तुळईत, तुळईतून भिंतीत; पाच-सात पावसाळ्यांत आढं बसतं. पूर्वी भात काढायला रोज वर जाणारी बाई ते कौल पहिल्याच आठवड्यात बघत असे. भात गेलं, चूल गेली, आणि छपराकडे बघणारं कोणी उरलं नाही. खाली माणसं राहत असूनही वरून घरं कुजली.

म्हणून माळ्याच्या खोलीचा जमाखर्च चौरस फुटांत मांडू नये. तेवढ्या पैशांत परड्यात एखादी नवी खोली कदाचित सरळ भिंतींची आणि ताठ उभं राहण्याची होईल. पण ती जुन्या घराला काही देणार नाही. माळ्यावर झोपणाऱ्याला मृगाच्या पहिल्या सरीत, अंगावर पडलेल्या थेंबानं, कौल सरकल्याचं कळतं आणि सकाळी तो शिडी मागतो. घराच्या आयुष्यातली वीस वर्षं त्या शिडीत असतात. ज्याला वर खोली करायची आहे त्यानं ती अवश्य करावी. फक्त वाशांपर्यंत हात पोचेल अशी करावी, आणि तिथे कोणीतरी खरंच झोपेल याची सोय आधी बघावी.